भावाच्या गाडीतल्या माझ्या एअरबॅगा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या भावाची बाजू घ्यायला नको. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने माझ्या गाडीतल्या दोन्ही एअरबॅगा काढून स्वतःच्या गाडीत बसवल्या, त्यांच्या जागी माझ्या गाडीत चिंध्या कोंबल्या आणि मला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्या गाडीच्या पुढच्या सीटवर माझी एकुलती एक लेक बसत होती. आता सविस्तर सांगते.

मी महाडला शाळेत विज्ञान शिकवते. दादाचं पोलादपूरला हायवेलगत गॅरेज आहे. आईवडील गेले, मग माझा नवरा गेला, आणि माहेर म्हणून हा एकच माणूस उरला. तसं त्याने निभावलंही. लेकीच्या दहावीला हा परीक्षेच्या केंद्राबाहेर उभा, तिला ताप आला तर हा दवाखान्यात, घरात पाणी शिरायची वेळ आली तर पहिला फोन ह्याचा. महाडच्या माणसाला पुरात कोण पहिला फोन करतो ते कायम लक्षात राहतं. लेक तर मामाच्या पुढे आईला विचारायची नाही. तिने नवरासुद्धा मामाने होकार दिल्यावर पसंत केला, असं मी चिडवायचे तिला.

आमच्या दोन घरांत वस्तूंची येजा कायम चालू असायची. त्याच्याकडचा गॅस संपला की माझा भरलेला सिलेंडर त्याच्या गाडीत चढायचा. माझा मिक्सर बिघडला की वहिनीचा माझ्याकडे. इन्व्हर्टर तर एक पावसाळा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही, घरात शिरायचं आणि उचलून न्यायचं. मला त्याचं कौतुक वाटायचं. शेजारची म्हणायची, तुमच्यात बरं आहे बाई, आमच्यात चमचा गेला तरी भांडण.

दादाच्या कामाची एक खूण होती. आमच्याकडच्या दमट हवेत वायरीवरची चिकटपट्टी पहिल्याच पावसात सुटते. म्हणून तो पट्टीवर शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळायचा आणि गाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. आधी आईच्या रेडिओला, मग माझ्या इस्त्रीला, मग लेकीच्या टेबललॅम्पला. पोलादपुरात असं दुसरं कुणी करत नाही. नेलपॉलिश लाल, वहिनीचं.

तर झालं असं की एका पावसाळ्यात दादाची गाडी कशेडी घाटाच्या बाजूला एका ट्रकवर मागून आदळली. दादाला खरचटलंसुद्धा नाही. मी धावत गेले तेव्हा तो रस्त्याकडेला चहा पीत बसला होता, मिशीवर पांढरी पावडर. गाडीत स्टिअरिंगमधून आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमधून दोन पांढऱ्या पिशव्या लोंबत होत्या, हवा गेलेल्या. फटाका फुटल्यासारखा वास येत होता. मी त्या पिशवीवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात तिच्या पाया पडले. हिने माझं माहेर राखलं, असं मी तिथेच मोठ्याने म्हणाले होते.

मग मी शिक्षिकाच असल्यामुळे घरी येऊन सगळं वाचून काढलं आणि दहावीच्या वर्गावर सांगितलं. गाडीच्या मधोमध, गिअरच्या पुढे, एक बंद डबी असते. गाडीचा वेग किती झटक्यात कमी झाला एवढंच ती बघत बसते. तुम्ही कितीही करकचून ब्रेक मारा, ती ढिम्म हलत नाही. पण गाडी कशावर तरी आदळली, की त्या झटक्यात तिला कळतं की हे ब्रेकचं काम नाही. ती वायरीतून वीज सोडते, वायरीच्या टोकाशी असलेली बारीक तार तापते, तिथलं रसायन पेटतं आणि नायट्रोजन वायू तयार होऊन घडी घातलेल्या पिशवीत भरतो. पिशवी झाकण फाडून बाहेर येते. तुमची पापणी मिटायच्या आत हे सगळं होऊन गेलेलं असतं. आणि खरी गंमत पुढे आहे. पिशवीला मागे भोकं असतात. तुमचं तोंड तिच्यावर आपटलं की त्या भोकांतून वायू निघून जातो, पिशवी दबत जाते, आणि डोकं एकदम थांबायच्या ऐवजी जरा सावकाश थांबतं. तेवढ्या सावकाशीने माणूस वाचतो. बेल्ट मात्र लावलेला हवा, नाहीतर ही पिशवीच तोंडात भडकावून देते. आणि एकदा फुटली की तिचं काम संपलं, तिची परत घडी घालून चालत नाही, नवी बसवावी लागते. हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं, वहीत उतरवायला लावलं होतं.

त्याच सुमाराला मला गाडी घ्यायची होती. दादाने शोधून दिली, वापरलेली, पण छान राखलेली. त्याच्या गाडीचं होतं तेच मॉडेल, रंगसुद्धा तोच. म्हणाला, "बाय, सारखी गाडी असली की सामान एकमेकांत चालतं." मला ते फार शहाणपणाचं वाटलं. पैसे मी दिले, पण गाडी सर्व्हिसिंगसाठी म्हणून त्याच्या गॅरेजात राहिली आणि भाऊबीजेला तो ती घेऊन आला. मी ओवाळलं, त्याने किल्ली ताम्हनात टाकली, जसं काही गाडी त्यानेच घेऊन दिली आहे. मी म्हटलं, "फुकटचा मोठेपणा!" तो हसला. तेव्हा त्याची स्वतःची गाडीही दुरुस्त होऊन रस्त्यावर आलेली होती. नव्या एअरबॅगा कुठून आल्या हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. का यावा?

गाडीची किल्ली फिरवली की समोर एक लाल दिवा लागतो. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, असं चित्र असतं. तो दिवा काही क्षण राहतो आणि विझतो. त्या काही क्षणांत ती डबी प्रत्येक वायरीतून इवलासा प्रवाह पाठवून बघते, की टोकाची तार शाबूत आहे ना. तारेचा रोध नेहमीएवढा भरला तर दिवा विझतो. नाही भरला तर तो लागलेलाच राहतो. मी पोरांना गटागटाने शाळेच्या आवारात नेऊन हे दाखवलं. किल्ली फिरवायचे, म्हणायचे, बघा, दिवा लागला, बघा, विझला. म्हणजे आपली एअरबॅग तयारीत आहे. पोरं टाळ्या वाजवायची. रोज सकाळी गाडी सुरू करताना मी तो दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मगच गिअर टाकायचे.

लेकीचं लग्न ठरलं ते घाटावरचं, महाबळेश्वरच्या पलीकडचं स्थळ. माघात आम्ही दोघी तिच्या सासरी साडीच्या पसंतीला गेलो आणि दुपारी आंबेनळी घाटाने खाली उतरत होतो. मी गाडी हळूच चालवते, त्यावरून माझी शाळेत टिंगल होते. एका वळणावर समोरून टेम्पो पूर्ण माझ्या बाजूला आला. दरीकडे वळवण्याचा प्रश्नच नव्हता, मी डोंगराकडे वळवली आणि गाडी कातळावर जाऊन आदळली. लेक नेमकी त्या वेळी पायाशी सांडलेली स्ट्रॉबेरी गोळा करायला पुढे वाकली होती, बेल्ट लावलेलाच, पण ओढून सैल केलेला. तिचा जबडा डॅशबोर्डवर आपटला. मला तो आवाज अजून ऐकू येतो. माझी छाती स्टिअरिंगवर आपटली, एक बरगडी मोडली. पिशवी आली नाही. तिच्यापुढे नाही, माझ्यापुढेही नाही. मी वेड्यासारखी त्या झाकणाकडे बघत बसले, की उशिरा येईल.

पहिला पोचला दादाच. गॅरेजची पिकअप घेऊन आला, भाचीला उचलून मांडीवर घेतलं आणि महाडपर्यंत रडत आला. अगदी हमसून रडत होता. डॉक्टरांनी तिचा जबडा तारांनी बांधून टाकला, दीड महिना तोंड उघडायचं नाही, जे काय ते नळीने. दादा रोज पोलादपूरहून पेज घेऊन यायचा, गाळलेली, कोमट. वहिनीला करू द्यायचा नाही, म्हणे ती कण्या ठेवते. भाचीच्या ओठाशी नळी धरून बसायचा. "हळू गो बाय, हळू." मी दाराशी उभी राहून बघायचे आणि मला भरून यायचं.

तो फक्त एकच गोष्ट सारखी म्हणायचा, गाडी माझ्या गॅरेजात नेतो. पण विम्याचा माणूस म्हणाला, कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्यावी लागेल. मी विचार केला, बिचाऱ्याची रोजची धावपळ चालली आहे, त्याला आणखी कशाला त्रास? त्याला न विचारता मी गाडी माणगावच्या बाजूच्या वर्कशॉपला पाठवून दिली. भावाची दया आली म्हणून! हसू नका.

तिथल्या इंजिनिअरने मला बोलावून घेतलं. लेकीच्या बाजूचं झाकण त्याने माझ्यासमोर उघडलं. आत पोकळी आणि पोकळीत दाबून भरलेल्या चिंध्या, झाकण खडखडू नये म्हणून. पिशवी नव्हती. वायरीच्या टोकाशी तांदळाएवढा एक रेझिस्टर जोडलेला होता. तो काय करत होता ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डबी रोज सकाळी विचारायची, तार आहे का? आणि हा रेझिस्टर तेवढाच रोध दाखवून म्हणायचा, आहे. दिवा विझायचा. मी गिअर टाकायचे.

"मॅडम, आधीच्या मालकाने केलं असणार," तो म्हणाला.

मी म्हटलं, "जरा उजेडात धरा."

जोडावर काळी चिकटपट्टी होती. पट्टीवर शिवणाचा दोरा. गाठीवर लाल ठिपका.

मला तिथे खुर्ची दिली, पाणी दिलं. मी त्या इंजिनिअरला म्हटलं, नाही हो, आधीच्या मालकाने नाही, माझ्या भावाने. मला रडू आलं नाही. राग आला, इतका की बरगडी दुखेपर्यंत श्वास चढला. त्याच्या हातातली ती पेजेची नळी माझ्या डोळ्यांसमोर येत होती. हा माणूस रोज तिथे बसून काय बघत होता? स्वतःचं काम?

दुसऱ्या दिवशी एसटीने पोलादपूरला गेले. दादा गाडीखाली होता. माझा आवाज ऐकून सरपटत बाहेर आला. इंजिनिअरकडून दोरा-पट्टीसकट मागून आणलेला तो रेझिस्टर मी रुमालातून काढून त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने ओळखला. तो खोटं बोलला नाही, एवढं मात्र मानते. कदाचित दोरा बघून त्याला कळलं असेल की उपयोग नाही.

"नवीन मिळत होत्या, पण लय महाग गो," तो म्हणाला.

"म्हणून माझ्या काढल्यास?"

"ऐक तरी. मी रोज हायवेला असतो. कोणाचीपण गाडी बंद पडली की धाव, माझी पोरं मागं-पुढं. तू काय, घर ते शाळा. तू कधी जोरात चालवत नायस. मी म्हटलं, आपल्या दोघांत ज्याला जास्त लागतंय त्याच्याकडे असू दे. घरातली वस्तू, घरातच हाय ना."

तो सिलेंडरबद्दल बोलत होता. खरंच सांगते, त्याच्या चेहऱ्यावर चोरी केल्याचा भावच नव्हता. बहिणीकडचा भरलेला सिलेंडर उचलावा तशी त्याने माझ्या लेकीच्या पुढ्यातून पिशवी उचलली होती.

"अरे मेल्या," मी म्हटलं, आणि गॅरेजातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, "मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या! आईशप्पथ दिल्या असत्या. पण मग त्या गाडीत मी पोरीला बसवलं नसतं. चिंध्या भरल्यास ते एक वेळ सोड. दिवा कशाला विझवलास? तो लागलेला राहिला असता तर मला कळलं असतं ना!"

"तू घाबरली असतीस," तो म्हणाला.

म्हणजे हेही माझ्याच काळजीपोटी! मला त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली. दिली नाही. म्हटलं, "उद्यापासून पेज आणू नकोस." आणि एसटी स्टँडवर जाऊन बसले. तिथे मात्र रडले. चांगली मोठ्याने रडले. एक बाई म्हणाली, कोण गेलं का? मी मान हलवली. काय सांगणार तिला?

लेकीला सांगायचं की नाही, हा माझ्या जिवाला घोर होता. लग्न तोंडावर आलेलं. आमच्यात मुलीला बोहल्यावर मामा आणतो, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बापाविना पोरगी, तिला एक मामा होता. सांगितलं तर तो जाणार. नाही सांगितलं तर मी त्या माणसाचा हात तिच्या दंडावर बघत उभी राहणार. दोन्ही मला झेपणारं नव्हतं. शेवटी तारा निघाल्या, तोंड जेमतेम बोटभर उघडायला लागलं, आणि तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा का येत नाही गं?" मी सांगून टाकलं. सगळं, दोरा-बिरा सगळं.

ती कुस्करलेला वरणभात गिळत होती, तशीच गिळत राहिली. ताट धुतलं. मग म्हणाली, "मला मामाच आणणार बोहल्यावर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"आणि पाठवणीची गाडीपण मामाचीच."

मी चिडले, बोलले नको नको ते. म्हटलं, तुझा जबडा तुला स्वस्त झालाय, मला नाही. मामाला फोन तिनेच केला.

वैशाखात महाडच्या हॉलवर लग्न झालं. दादा आला, फेटा बांधून, वाळलेला दिसत होता. माझ्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती आणि माझी इच्छा नव्हती. त्याने भाचीला हाताला धरून आणलं, पाठीशी उभा राहिला. तिच्या हनुवटीखालचा व्रण मेकअपवालीने झाकला होता, पण घामाने तो दिसायला लागला. दादा अक्षता टाकायच्या ऐवजी तो व्रण बघत होता. मला वाटलं, झालं, पोरीने क्षमा केली वाटतं. मला तिचाही राग आला.

पाठवणीला दादाची गाडी दारात आली, झेंडूच्या माळांनी सजवलेली. दादा स्टिअरिंगवर बसला. जावई मागे जाऊन बसला, शेजारी जागा ठेवून. लेक माझ्या गळ्यात पडली, रडली, आणि मग सरळ पुढचा डावा दरवाजा उघडून पुढे बसली. बायका ओरडल्या, "अगो, पुढं कुठं? नवरा मागं हाय!" तिने कुणाकडे बघितलं नाही. शालू सावरला, बेल्ट ओढून घेतला, खटकन लावला. मी तिच्या खिडकीपाशी होते म्हणून मला ऐकू आलं.

तिने समोरच्या डॅशबोर्डवर मेंदीचा हात ठेवला. "मामा, ही माझी ना?"

दादा समोर बघत राहिला. तसाच म्हणाला, "हो बाय."

"आणि तुझ्या पुढ्यातली आईची?"

त्याचा हात स्टिअरिंगच्या मधल्या झाकणावरून बाजूला सरकला.

"मग घाटाने चल. मला सासरी तूच सोडायचंस. मी पुढेच बसणार आहे."

दादाने फेट्यासकट कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न दाबला गेला आणि वाजतच राहिला. बँडवाल्यांना वाटलं, निघायची खूण झाली, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. लोक अक्षता उधळायला लागले. त्याचे खांदे हलताना मला काचेतून दिसत होते. त्याच्या बाजूला जायला गाडीला एक वळसा घालायचा होता. मी घातला नाही.